घाट्यातला वाटा

हमीदभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलाचा, आसिफचा होता. सकाळी गिरणीत धान उतरवून घेताना छातीत कळ आली आणि ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी पोचलो तेव्हा गिरणी बंद होती. इतक्या वर्षांत ती शांत मी पहिल्यांदाच ऐकली... सहा आठवडे झाले, आता लोक म्हणतात, भला माणूस, पण धर्मापायी मागे राहिला. ते मला मान्य नाही, म्हणूनच हे लिहितो आहे.

आमची ओळख भांडणातून झाली. मी बँकेचा शाखाधिकारी, ते राइस मिलच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे मालक-संचालक. नव्या बॉयलरसाठी मी स्वतः कर्जाची फाईल घेऊन गेलो होतो. असं गिऱ्हाईक सोडतो कोण! त्यांच्या हातात परखी असायची, पोत्यात खुपसून धान काढायची लोखंडी नळी. ती त्यांनी माझ्या फाईलवर उपडी केली, दाणे तळहातावर चोळून तुटलेले तुकडे दाखवले आणि म्हणाले, "साहेब, औंदा धान कणी होऊन राह्यलं. तुमचा हप्ता कणी होते का?" व्याज देणंही त्यांच्या धर्मात हराम, घेणंही. मी चिडून परत आलो. बॉयलर त्यांनी तीन वर्षांनी नफ्यातून घेतला. तोवर शेजारच्या दोन गिरण्या कर्जावर दुप्पट झाल्या होत्या. पुढे त्यांतल्या एकीच्या दारावर जप्तीची नोटीस लागली, तिच्यावर सही माझी होती.

निवृत्त झाल्यावर मी फंडाचे पैसे घेऊन त्यांच्याकडेच गेलो. दरमहा ठरावीक रक्कम द्या, एवढंच म्हणणं होतं. ते हसले. "ठरवून देलं त ते व्याजच झालं. नफा आला त वाटा तुमचा, घाटा आला त तोही तुमचा." कंपनीचे शेअर घेऊन मी भागीदार झालो, संचालकही झालो. दुसऱ्याच वर्षी कापणीच्या वेळी पाऊस आला, धान भिजलं, कंपनी तोट्यात गेली. निदान मुद्दल तरी परत द्या, म्हणून मी भांडलो. मुद्दलाची हमी दिली तर भागीदारी कसली, असं म्हणून त्यांनी सपशेल नकार दिला. मी दोन महिने बोललो नाही. तेव्हा ते घरी आले, वह्या उलगडल्या, त्यांचं भांडवल माझ्या चौपट, म्हणून त्यांचा तोटाही माझ्या चौपट होता. वर्षभर पगारही उचलला नव्हता. मला लाज वाटली. आयुष्यभर मी लोकांच्या नफ्यात वाटा मागितला होता, तोट्यात एकाच्याही नाही.

मागच्या आठवड्यात संचालकांची बैठक झाली. तांदूळ निवडायचं जुनं यंत्र थकलं आहे. आसिफनं बँकेची फाईल पुढे ठेवली. हमीदभाईंनी कंपनीच्या नियमावलीत लिहून ठेवलं आहे, व्याजाचं कर्ज सगळ्या संचालकांच्या संमतीशिवाय नाही. मी संमती दिली नाही. आसिफ बिचारा वैतागला. त्याच्यावर पन्नास माणसांचं पोट आहे, हे मलाही कळतं.

"काका, तुमी त जिंदगीभर कर्जच वाटलं. आता काऊन आडवे येता?"

"वाटलं म्हणूनच येतो," मी म्हटलं.

गावात माझं नाव आता मौलवी पडलंय... पडू दे. माझा धर्म वेगळा आहे, अल्लाच्या हिशेबात मी कुठेच नाही, पण नोटीस चिकटवताना गिरणीवाल्याची बायको दारात कशी उभी होती, ते मी पाहिलं आहे. बैठकीत मी सांगितलं, नागभीड रस्त्यावरचा माझा प्लॉट विकायला काढलाय, यंत्रात तेवढा माझा वाटा राहील. उरलेल्यासाठी धान देणाऱ्या शेतकऱ्यांना विचारू.

"अन् घाटा आला त?" आसिफनं विचारलं.

"वाटून घेऊ."

बाहेर धानाचा ट्रक लागला होता. टेबलावर हमीदभाईंची परखी तशीच पडली होती, तिच्या तोंडाशी अजून तूस चिकटलेलं. फाईल तिथेच ठेवून आसिफनं परखी उचलली आणि तो ट्रककडे गेला.