दार बाहेरून लागलं

दारकाका पहिल्यांदा नजरेत भरले ते त्यांच्या हातांमुळे. टेकडीवर जाणाऱ्या रोपवेच्या खालच्या स्टेशनात डबे थांबत नाहीत, नुसते मंदावतात. तेवढ्यात माणसं आत बसवायची, दार ओढून कडी लावायची आणि थाप मारून डबा सोडायचा. तोंड भलत्याशीच बोलत असलं तरी काकांचे हात हे काम चुकत नसत. ‘दारकाका’ हे नाव त्यांना पोरांनीच दिलं होतं.

इतकी वर्षं जगाला वर धाडलं, पण बायकोला नेणं राहूनच गेलं. “आपलंच आहे, जाऊ की कधीही,” म्हणत राहिले. मग काकूंचा एक डोळा गेला. दुसऱ्याचाही भरवसा नाही, बघायचं ते बघून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी एकच मागितलं, “मला वरून आपलं घर दाखवा.”

सुटीच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून काकूंना घेऊन निघाले. तिकीटवाल्याने चिमटा काढला, “आज अगदी साहेब होऊन आलात!”

“साहेब कसला? बाईसाहेबांचा हमाल!”

बोलता बोलता त्यांनी काकूंना दंड धरून आत बसवलं, पदर सावरून दिला, कडी लावली, थाप मारली.

आणि स्वतः बाहेरच राहिले.

डबा सुटला. काचेवर काकूंचे दोन्ही तळवे टेकलेले दिसले. “काका, काकू एकट्याच निघाल्या की!” म्हणत सगळे खो खो हसले. काका धडपडत मागच्या डब्यात शिरले.

वर काकू भिंतीला पाठ लावून बाकावर बसल्या होत्या.

“अगं, कठड्याशी चल. ऊन चांगलं आहे, घर दिसेल.”

“मी डोळे उघडलेच नाहीत हो. वाटलं, तुम्ही खाली पडलात. मला घरी न्या.”

“अगं, चार पावलं फक्त...”

“नको म्हणते ना!”

डब्यातून खाली येताना त्या काकांच्या खांद्यात तोंड खुपसून बसल्या होत्या. घर डाव्या हाताला आलं. काकांनी बोट उचललं आणि पुन्हा मांडीवर ठेवलं. पुढच्या सुटीला परत येऊ, असं ठरलं.

ती सुटी यायच्या आतच एका सकाळी काकूंनी विचारलं, “अजून उजाडलं नाही का हो?” खिडकीतून आलेलं ऊन त्यांच्या पांघरुणावर पडलं होतं.

काका अजून त्याच कामावर आहेत. निघताना काकूंना शेजारणीकडे बसवून जातात, संध्याकाळी हात धरून परत आणतात.