दोन बोटं डावीकडे

या जगातली प्रत्येक वस्तू आपल्या जागेपासून दोन बोटं सरकलेली आहे आणि ती जागेवर आणण्यासाठीच आपल्याला जन्माला घातलं आहे, याबद्दल आमच्या वन्संना कधीही शंका आली नाही. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, आणि त्याचं कारण विचारायची छाती आमच्या घराण्यात कुणाला झाली नाही. त्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या आणि सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात आमच्याच इमारतीत, आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. वरच्या मजल्यावर मी पलंग सरकवला तरी आवाजावरून तो किती सरकला हे त्यांना कळायचं, आणि संध्याकाळी जिन्यात भेटल्या की तो परत कुठे न्यायचा हे त्या सांगायच्या.

काम करण्याची त्यांची पद्धत एकच. डावा डोळा मिटायचा, उजव्या हाताची दोन बोटं आडवी समोर धरायची आणि निकाल द्यायचा. भिंतीवरचे फोटो, पार्किंगमधल्या दुसऱ्यांच्या स्कूटर, ताटातलं मीठ, यातून काही सुटायचं नाही. तव्यावर टाकलेली भाकरी मधोमध पडली नाही म्हणून त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तवाच सरकवायला लावला होता. नातेपुत्याला आमच्या एका भाच्याच्या लग्नात अंतरपाट एका बाजूने एक बोट खाली आहे हे त्यांच्या लक्षात आलं. मंगलाष्टकं चालू असताना त्या खुर्चीवरून उठून थेट बोहल्यापाशी गेल्या. गुरुजींनी घाबरून अंतरपाट वर घेतला, मग तो दुसऱ्या बाजूने खाली गेला, आणि या चढउतारात मुहूर्त टळता टळता राहिला. नवरी आजही वन्संना पाहिलं की पदर सारखा करते. वन्संना मात्र ते लग्न सरळ लागल्याचं समाधान आहे, आणि जोडप्याचा संसार बरा चालला आहे त्याचं श्रेयही त्या मनातल्या मनात स्वतःकडेच घेत असाव्यात.

अशा बाईंच्या हाती कॉलेजने पोरांचा रोबोट दिला. आता रोबोट म्हटलं की माणसासारखं चालणारं-बोलणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. हा तसा नव्हता. चार चाकांची बुटकी गाडी, तिच्या पाठीवर चेंडू फेकणारा एक हात आणि हाताच्या शेजारी कॅमेरा. पोरं तिला ‘गाडी’च म्हणायची. दरवर्षी पुण्यात अशा गाड्यांची स्पर्धा व्हायची. चालवणाऱ्याला पडद्याआड बसवायचे, त्याला समोरचं काही दिसायचं नाही, फक्त लॅपटॉपवर कॅमेऱ्यातलं चित्र दिसायचं, आणि तेवढ्यावर गाडी हलवून उंचावरच्या टोपलीत चेंडू टाकायचा. वन्संची पोरं दरवर्षी मोठ्या थाटात जायची आणि पहिल्याच फेरीत हरून, सहभागाचं प्रमाणपत्र घेऊन परत यायची. वन्सं ती प्रमाणपत्रं रोबोटच्या खोलीत अगदी एका रेषेत लावायच्या.

त्या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. मे महिन्यात वन्सं निवृत्त होणार होत्या, आणि प्राचार्यांनी सांगून टाकलं होतं की यंदाही पहिली फेरी ओलांडली नाही तर रोबोटची खोली जुनी बाकं ठेवायला घेतली जाईल. वन्सं हे मला चहा पिताना सांगत होत्या. आवाज नेहमीसारखाच करडा होता, पण समोर बशी वाकडी ठेवली होती आणि ती त्यांना दिसली नाही. तेव्हा मला समजलं की प्रकरण गंभीर आहे.

अडचण होती नेमाची. कॅमेरा बघायचा एका जागेवरून आणि चेंडू निघायचा दुसऱ्याच जागेवरून, त्यामुळे टोपली चित्राच्या मधोमध आणली की चेंडू हमखास बाजूला जायचा. म्हणजे चित्रावर कुठेतरी खूण हवी, की टोपली इथे दिसली तर फेक. कॉलेजची प्रयोगशाळा पाचला बंद व्हायची म्हणून हे संशोधन आमच्या गच्चीवर सुरू झालं. पाण्याच्या टाकीला प्लॅस्टिकची टोपली बांधली. गाडी चालवायला करमाळ्याकडची रेणुका होती. बोलायची कमी, पण हात असा स्थिर की भरलेला पेला डोक्यावर घेऊन जिना उतरली असती. आणि प्रोग्राम लिहायला श्रीनिवास. घरी आईशी तेलुगूत, आमच्याशी मराठीत आणि कॉम्प्युटरशी स्वतःशीच पुटपुटत बोलणारा.

पहिली खूण वन्संनी स्वतःच केली. कपाळावरची टिकली काढली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर लावली. पहिले चार-पाच चेंडू टोपलीत गेले आणि वन्संनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी न सांगता पोरांना सरबत केलं. पण एप्रिलमधलं सोलापूरचं ऊन. टिकलीचा गोंद सुटत चालला आणि ती दुपारभर, कुणाच्या लक्षात न येता, हळूहळू खाली घसरत राहिली. चेंडू टोपलीच्या अलीकडे पडू लागले. मोटर तापली असेल म्हणून फेकणारा हात खोलला, बॅटरी बदलली, स्प्रिंग बदलली. उन्हं उतरली तेव्हा टिकली घसरत घसरत पार पडद्याच्या कडेला पोचली होती आणि रेणुका बिचारी तिच्यात टोपली आणायची म्हणून गाडी मागे मागे नेत कठड्याला टेकली होती.

मग ठरलं की खूण प्रोग्राममध्येच काढायची, म्हणजे ती घसरणार नाही. त्यासाठी चेंडू नेमका कुठे जातो ते मोजायला हवं. वन्संनी माझ्या कपाटातली माहेरची चौकटींची चादर आणून टोपलीच्या जागी ताणून बांधली, चेंडू गेरूच्या पाण्यात बुडवले आणि मारा सुरू केला. चादरीच्या चौकटी मोजल्या की कळायचं, चेंडू किती हलला. मी आक्षेप घेतला तेव्हा म्हणाल्या, पांघरायला काय, चादर सगळ्यांकडेच असते. ती चादर आजही माझ्याकडे आहे, गेरूच्या ठिपक्यांसकट, आणि पाहुण्यांना मी ती छापील आहे म्हणून सांगते.

मोजमाप झालं की वन्सं फर्मान सोडायच्या, गोल डाव्या कडेपासून सहा बोटं, वरून चार. श्रीनिवास तसा लाल गोल काढायचा आणि चेंडू भलतीकडेच जायचा. दोन दिवस या घोळात गेल्यावर उलगडा झाला. वन्संची बोटं सडपातळ, आणि श्रीनिवास मोजत होता स्वतःच्या बोटांनी. “मॅडम, माझं बोट जाड आहे की,” तो काकुळतीला येऊन म्हणाला. वन्संनी शांतपणे सांगितलं, “बोट म्हणजे माझं बोट.” त्यानंतर त्याने वन्संच्या बोटाच्या मापाची कागदाची पट्टी कापली आणि प्रोग्रामातही माप म्हणून चक्क ‘बोट’ असंच लिहिलं. आणि खरं सांगते, त्यानंतर गोलात टोपली आली की चेंडू आत. दहादा फेका, वीसदा फेका. खालच्या मजल्यावरचे लोक गच्चीत बघायला येऊ लागले. वन्सं कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि येणाऱ्याला सांगायच्या की यात विशेष काही नाही, जगात नेम चुकत नसतो, खूण चुकते.

पुण्याला मीही गेले. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, आणि दशम्या, शेंगाचटणी आणि पोरांची तोंडं सांभाळायला कुणीतरी हवं होतं. बसमध्ये लॅपटॉपची बॅग वरच्या फळीवर व्यवस्थित ठेवलेली होती. इंदापूरच्या पुढे वन्संना ती दोन बोटं बाहेर आलेली दिसली. मी हाताला धरेपर्यंत त्या उठल्या, बॅग सरकवली, आणि तेवढ्यात बसने ब्रेक मारला आणि बॅग खाली आदळली. लॅपटॉपच्या पडद्याला एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. वन्सं पुण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.

श्रीनिवासच्या एका पुण्यातल्या मित्राने स्वतःचा लॅपटॉप दिला. चांगला मोठा, रुंद पडद्याचा. प्रोग्राम चढवला, चित्र आलं, लाल गोलही आला, आणि सरावाला वेळ न मिळता आमचा नंबर पुकारला. चेंडू तीन. त्यातले दोन टोपलीत गेले तर पुढची फेरी. रेणुका पडद्याआड बसली, शेजारी वन्सं, मागे श्रीनिवास आणि मी. रेणुकाने टोपली गोलात आणली आणि पहिला चेंडू फेकला. तो टोपलीच्या उजवीकडून हातभर अंतरावरून निघून गेला.

श्रीनिवासच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला लगेच कळलं. गोल त्याने पडद्याच्या कडेपासून बोटांनी मोजून काढला होता. पडदा मोठा झाला तसं कॅमेऱ्याचं चित्रही ताणून मोठं झालं, पण गोल बिचारा आपला सहा बोटांवर होता तिथेच बसून राहिला. आता बदलायला वेळ नव्हता. आता दोन्ही चेंडू आत जायला हवे होते. वन्संनी सवयीने डावा डोळा मिटला, दोन बोटं उचलली, आणि ती तशीच हवेत थांबली. किती सरकवायचं, ते त्यांना सांगता येईना. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

रेणुका पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “मॅडम, ह्यो गोल खोटा हाय. तुमी तुमचं बोट हितं धरा.”

“कुठं?” वन्संनी विचारलं.

“हितं. न्हाय, अजून उजवीकडं. उलीसं खाली. बास. आता हलवू नका.”

आणि आमच्या वन्सं, ज्यांनी अख्ख्या खानदानाला आयुष्यभर डावीकडे-उजवीकडे सरकवलं, त्या पोरीच्या सांगण्याप्रमाणे बोट सरकवून, श्वास रोखून, पडद्यावर टेकवून बसल्या. एक परीक्षक येऊन वाकून बघून गेले. पडद्याला बोट लावू नये असं नियमात कुठे नव्हतं. रेणुकाने वन्संच्या नखाच्या टोकावर टोपली आणली आणि फेकला. आत. वन्संनी डाव्या हाताने स्वतःचंच मनगट घट्ट धरलं. रेणुका त्यांना “दमानं, मॅडम” म्हणाली, जशी गच्चीवर वन्सं तिला म्हणायच्या, आणि तिसरा फेकला. तोही आत.

दुसऱ्या फेरीत आम्ही सपाटून हरलो आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. खोली वाचली होती. परतीच्या बसमध्ये पोरं गाणी म्हणत होती आणि वन्सं झोपल्या होत्या, मान दोन बोटं नव्हे, चांगली वीतभर कलंडलेली. मी ती सरळ केली नाही.

मे महिन्यात त्यांचा निरोपसमारंभ झाला. जूनमध्ये कॉलेज उघडलं, तशा एके दिवशी न सांगता साडी नेसून तिकडे जाऊन आल्या. संध्याकाळी माझ्याकडे येऊन हसत हसत सांगत होत्या की खोलीत नवी पोरं बसली आहेत, रेणुका त्यांना गोल शिकवते आहे, श्रीनिवासने गोल आता कॅमेऱ्याच्या चित्रालाच बांधलाय, कुठल्याही पडद्यावर हलत नाही, पोरांनी सगळं नीट लावून घेतलंय. त्या पोचल्या तेव्हा मात्र रेणुका आणि श्रीनिवास नेमके बाहेर गेले होते, आणि ते परत येण्याआधी दारात एका नव्या मुलाने त्यांना विचारलं, “काकू, कुणाला भेटायचंय?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?” मी विचारलं.

“काय सांगणार? कुणाला नाही, म्हटलं. सहज आले होते.”

हे सांगतानाही त्या हसत होत्या, पण मला हसू आलं नाही. खोली राहावी यासाठी त्यांनी जीव टाकला होता, आणि ती राहिली. तिच्यात आपण नसू, एवढंच त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांची फार माया वाटली. मी म्हटलं, वन्सं, उद्या मी येते तुमच्याबरोबर, दोघी जाऊ.

“कशाला? तुला काय कळतंय त्यातलं?” त्या म्हणाल्या. चहा संपवला, कप विसळून पालथा घातला, दारापर्यंत गेल्या आणि चप्पल घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ये.”