जांभळ्या पुडीतली चटणी

शेजारच्या सुमनकाकूंची जवसाची चटणी इतकी वर्षं साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून विकली जायची. दुकानातल्या ढिगात ती कुणाला ओळखू यायची नाही. यंदा त्यांच्या सुनेने जांभळ्या पुड्या करून आणल्या, वर पांढरी ठिपक्यांची रांगोळी. "चटणीला कशाला गं हा नट्टापट्टा?" काकू कुरकुरल्या होत्या.

काल काकू आणि मी वाण्याकडे उभ्या होतो. एक अनोळखी बाई आली आणि फळीकडे बोट दाखवून म्हणाली, "ती जांभळी द्या, रांगोळीची. दुसरी नको."

काकूंनी माझा हात घट्ट धरला. चव तीच होती, पण आता तिला चेहरा मिळाला होता, दुरूनही ओळखता येणारा.

"अगं, माझीच मागितली ना तिने?" काकू कुजबुजल्या आणि पदर सारखा करून जरा ताठ उभ्या राहिल्या.