नानांच्या चाकोरीत

नाना फटफटी सुरू करत आणि डोळे मिटून ऐकत उभे राहत. अमळनेरला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. कुणी बिघडलेली गाडी घेऊन आलं की ते हातात पाना घेत नसत. मान थोडी कलती करून इंजिनाचा आवाज ऐकत आणि म्हणत, "यंत्र आधी कानले सांगस, मंग डोयाले." मग बोटांनी चाचपत नेमका तोच स्क्रू धरत. त्यांचा अंदाज चुकलेला मी कधी पाहिला नाही.

ते मूळचे शिंदखेड्याकडचे, बोलणं सगळं अहिराणी. महायुद्धात फटफटीवरून निरोप पोहोचवायचं काम त्यांनी केलं होतं. लष्करातून सुटून आले आणि लष्कराचीच एक लिलावात निघालेली खाकी गाडी घेऊन अमळनेरात स्थिरावले. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नव्हतं. मी तेव्हा शाळेत नवा मास्तर होतो. माझी गाडी नानांनीच भंगारातून उभी करून दिली आणि तिच्यावर बसायलाही त्यांनीच शिकवलं. क्लच कसा सोडायचा हे सांगताना ते माझ्या मनगटावर आपली दोन बोटं ठेवत. तो हलका दाब मला अजून आठवतो.

हिवाळ्यात महिन्यातून एका रविवारी आम्ही चौघं गाडवाटांनी तापीकाठी जात असू. नाना, वकीलसाहेब, डॉक्टर आणि मी. डांबरी सडकेवर नानांना गंमत वाटत नसे. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळींची कुंपणं, मध्ये काळ्या मातीत बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, अशी वाट लागली की ते खुलत. समोरून बैलगाडी आली तर मात्र दुरूनच इंजिन बंद करून बाजूला उभे राहत. वकीलसाहेब कधी कुरकुरले, तर म्हणत, "रस्ता त्यास्ना शे, आपला नही. बैल बिचकना तर गाडीवाला मरी." कापूस वेचणाऱ्या बायासुद्धा नानांना ओळखत आणि वेचता वेचता हात हलवत.

त्यांचा नियम एकच होता. सगळ्यात पुढे ते, बाकीच्यांनी त्यांच्या मागे. "मन्हा चाकोरीमा चाक ठेवा, बठ्ठा जण सुखरूप घर जाशात." त्यामुळे त्यांच्या लगेच मागचा क्रमांक मिळवायला वकीलसाहेबांची आणि माझी दरवेळी ओढाताण चाले. त्या रविवारीही चालली. वकीलसाहेब वयाने मोठे, म्हणून मी हसत हसत माझी गाडी मागे घेतली.

सकाळी निघालो. डॉक्टरांच्या गाडीला भरिताची वांगी आणि कळण्याच्या भाकरी बांधलेल्या होत्या. उन्हं वर आली तेव्हा आम्ही एका अरुंद वाटेला लागलो. नानांना ती पाठच होती. पण पावसाळ्यानंतर तिथल्या शेतकऱ्याने वाटेच्या अगदी कडेला नवी विहीर खणायला घेतली होती. कठडा नव्हता, काही नव्हतं. बैलगाड्या आता शेजारच्या शेतातून वळसा घालून जात होत्या. नाना वळले नाहीत. डावीकडे कुंपण, उजवीकडे विहिरीचं तोंड आणि मध्ये जेमतेम चाकापुरती उरलेली जुनी चाकोरी, तिच्यावरून ते सरळ पुढे गेले. वकीलसाहेबांनी त्यांच्या चाकोरीत चाक ठेवलं. धुरळ्यातून मला एवढंच दिसलं की वकीलसाहेबांचं मागचं चाक खचलं, कडेची माती सरकली आणि गाडीसकट माणूस दिसेनासा झाला.

मी कसा थांबलो, मला माहीत नाही. खालून वकीलसाहेबांची किंकाळी आली. नाना पुढे गाडी उभी करून चालत परत येत होते.

"काय व्हयनं? गाडी बंद का पडनी? वकीलसाहेब का वरडनात?"

"नाना, थांबा! विहीर आहे!" मी ओरडलो.

ते थांबले. विहिरीचं तोंड त्यांच्या पायापासून दोन पावलांवर होतं. लख्ख ऊन पडलेलं होतं.

"कोठे शे विहीर?" नाना म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले आणि मी डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी शेतातून वळसा घालून नानांचा दंड धरला आणि आपला दुसरा हात त्यांच्या कानाशेजारी हलवला. "नाना, माझा हात दिसतो का?"

"कोनता हात?" नाना म्हणाले, आणि मग आपलं उघडं पडलं हे त्यांना कळलं. त्यांनी मान खाली घातली.

पण तेव्हा बोलायला वेळ नव्हता. विहीर दोन पुरुष खोल होती, तळाशी चिखल. शेतातल्या बाया धावत आल्या, कुणी दोर आणला, कुणी बाज आणली. मी उतरायला निघालो तर नानांनी मला मागे सारलं. "माले उतारा. आठे डोयानं काम नही, हातनं शे." ते दोराला धरून उतरले. वकीलसाहेबांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर वरून सांगत होते आणि नाना खाली तूरकाठ्या लावून पाय आवळत होते, तोंडाने "झायं, झायं" म्हणत. त्यांनी वकीलसाहेबांना बाजेला असं बांधलं की वर ओढताना माणूस तसूभरही हलला नाही.

बैलगाडीत कडबा पसरून वकीलसाहेबांना झोपवलं. डॉक्टर शेजारी बसले. नानांनी आपल्या खाकी गाडीकडे वळूनही पाहिलं नाही. बैलगाडीचा मागचा दांडा धरून ते पायी चालू लागले. मी त्यांच्याबरोबर चाललो.

"समोरनं दिखस," ते शेवटी म्हणाले. "नळीमाईन दिखस तसं. बाजूनं काहीच नही."

"कधीपासून?"

"तीन-चार वरीस व्हयनात."

मी हिशेब केला. "म्हणजे मला शिकवलंत तेव्हा?"

"तवयबी."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"सांगतू तर तुम्ही माले पुढे जाऊ देतात का, मास्तर?"

दर खेपेस दुसरा क्रमांक मिळवायला मी भांडत होतो, एवढंच डोक्यात घुमत होतं. त्या दिवशी मी हट्ट धरला असता तर बाजेवर मी असतो, किंवा नसतोही. मी पाऊल संथ केलं आणि नानांना पुढे जाऊ दिलं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येणार नव्हती. वकीलसाहेबांचा पाय जुळला, पण आखूड झाला. नाना रोज त्यांच्याकडे जाऊन पायाला तेल चोळत. वकीलसाहेबांनी एका शब्दानेही त्यांना बोल लावला नाही. मी मात्र दुकानाकडे फिरकलो नाही. रस्ताच बदलला.

उन्हाळ्यात दुकान बंद करून नाना पुतण्याकडे गावी निघाले. डॉक्टरांनी निरोप पाठवला म्हणून मी एस.टी. स्टँडवर गेलो. वकीलसाहेब कुबड्या घेऊन आले होते. नानांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "पाय कसा शे?"

"आखूड आहे, पण आहे," वकीलसाहेब हसून म्हणाले. नाना हसले नाहीत.

मी त्यांच्या उजव्या अंगाला, हात लांबवला तर खांद्याला लागेल इतक्या अंतरावर उभा होतो.

"मास्तर नही उना का?" नानांनी विचारलं.

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं.

"शाळा व्हई," नाना म्हणाले, आणि बसची दांडी चाचपून वर चढले. मे महिना होता. शाळेला सुट्टी लागून पंधरा दिवस झाले होते.