शिवेवर थांबलेला कळप

त्या हिवाळ्यात मी सौंसरच्या कॉलेजात साम्राज्यं आणि त्यांच्या सीमेवरचे भटके लोक हा भाग शिकवत होते. चीननं भिंत बांधली, रशियानं गवताळ मैदानात किल्ले पुढं पुढं सरकवले, तुर्कांनी टोळ्यांना जमिनी देऊन एका जागी बसवून पाहिलं. तरी साम्राज्यांना घोडे आणि लोकर भटक्यांकडूनच लागायची, आणि भटक्यांना धान्य, कापड गावांतून. मुलं लिहून घेत. मला मात्र चैन नव्हतं, कारण माझ्या भावाच्या गावात हेच सुरू होतं.

दादा मोहगावला शेती करतो. आजोबांच्या काळी कापूस निघाला की गुजरातकडून कळप घेऊन फिरत येणाऱ्या काठेवाड्यांना बोलावून त्यांच्या मेंढ्या वावरात बसवत. शेताला खत मिळे, त्यांना ज्वारी. दादानं संत्रा लावला, ठिबक टाकलं. आदल्या वर्षी एका कळपानं त्याची कोवळी कलमं खाल्ली. यंदा गावानं ठरवलं, कोणालाच शिवेच्या आत घ्यायचं नाही.

शनिवारी मी गेले तेव्हा गावची माणसं रस्ता अडवून उभी होती, दादा सगळ्यांत पुढं. पलीकडे मेंढ्या, उंट आणि बाभळीखाली खाटेवर एक बाळंतीण. तिचा सासरा हिंदीत विनवत होता की सून कालच मोकळी झाली, दोन दिवस थांबू द्या. गावकरी म्हणत होते, लोधीखेड्याकडं निघा. मी रस्त्यावरच येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी दादाला बाजूला घेतलं. दारं बंद केली की पलीकडचे लुटायला येतात, देवाणघेवाण ठेवली की शांत राहतात, असं जगभर झालं आहे, असं मी त्याला घाईघाईनं सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं. "राजाजवळ फौज राह्यते," तो म्हणाला. "मी एकटा आहो. माह्या बागेत मेंढरं घुसली तं कोन येईन?"

मी खाटेपाशी गेले. बाईच्या अंगाला हात लावला तर ती तापानं फणफणली होती. मी रस्त्यावरचा ऑटो थांबवला आणि तिला, बाळाला आणि सासूला घेऊन सौंसरच्या दवाखान्यात गेले. तिला सलाईन लावलं. बाळ बरं होतं. सासू एकच विचारत होती, कळपाला हाकललं तर आम्ही त्यांना कुठं शोधायचं? त्यांना तिथं ठेवून मी परत निघाले. वाटेत ऑटोवाल्याला सारखी घाई करत होते.

दिवस मावळायला आला होता. रस्ता मोकळा होता. कळप दादाच्या वेचणी झालेल्या कापसाच्या वावरात बसला होता, आणि दादा बागेच्या बाजूला काठी घेऊन बसला होता. थोड्या अंतरावर बाईचा म्हातारा सासरा.

"बाई दवाखान्यातून येईपर्यंत," दादा माझ्याकडं न बघता म्हणाला. "बाकीचे रागावून गेले."

तिसऱ्या दिवशी बाई आली आणि कळप निघाला. म्हाताऱ्यानं जाताना हात जोडले, दादानं मान हलवली. मग त्यानं मला बागेच्या कोपऱ्यात नेलं. एवढी राखण करूनही काही कलमांचे शेंडे गेले होते.

"हे पाय," तो शेंड्यांकडं बोट दाखवत म्हणाला. मी पाहिलं. तो खाली बसून ठिबकची नळी सरळ करू लागला.

गावातले काही जण त्याच्याशी बरेच महिने बोलले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात कळप मोहगावला न येता बोरगावकडून वळून गेला असं ऐकलं. दादानं त्या वावरात हरभरा पेरला होता. मी विचारलं, आले असते तर? तो म्हणाला, हरभरा उभा हाय, आता जागा कुठं हाय. पण ते बोलताना तो रस्त्याकडं पाहत होता, आणि मीही.