सायमनसरांची तिसरी बादली

सायमनसर गेल्याचं मला सोसायटीच्या फळ्यावरून कळलं. ‘आज टँकर उशिरा येईल’ या ओळीखाली खडूने लिहिलं होतं, ‘२०४ मधील सायमनसर यांचे उत्तन येथे निधन.’ दफन आदल्या दिवशीच झालं होतं. मी त्यांच्या थेट वरच्या घरात राहतो... आणि मला फळा वाचून कळावं. याला कारण मीच.

नव्वदच्या सुमारास आम्ही या पूनम सागर सोसायटीत राहायला आलो. मी गिरगावातून, सर त्यांच्या उत्तन गावाहून, थोरल्या बहिणीला, मारियाबाईंना, घेऊन. ते कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. नळाला पाणी नसायचं. दुपारी टँकर यायचा, घरटी तीन बादल्या. सर दोनच भरत आणि तिसरी दाराबाहेर पालथी घालत. मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी बायबलातली गोष्ट सांगितली. वाळवंटात भुकेल्या लोकांसाठी रोज सकाळी आकाशातून अन्न पडायचं, त्या दिवसापुरतंच गोळा करायचं. ज्यांनी उद्यासाठी लपवलं, त्यांच्या भांड्यात किडे झाले.

“सर, टँकर आकाशातून येत नाही, घोडबंदर रोडने येतो.”

“म्हणून तर कधी कधी येत नाही,” ते हसले. “सावंत, आमच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे, गरजा अमर्याद, साधनं मर्यादित. पोरं ते मंत्रासारखं पाठ करतात. आम्ही त्याला सिद्धान्त म्हणतो, मला ती श्रद्धाच वाटते. व्याज घेणं कधीकाळी पाप होतं. मग काटकसर पुण्य ठरली आणि त्या पुण्याचंच भांडवल झालं. तुमच्यात अपरिग्रह सांगितलाय, त्याचं कुठे काय झालं?”

त्याचं काय झालं ते माझ्या बाथरूममध्ये उभं होतं. निळं प्लास्टिकचं पिंप, झाकण लावलेलं. मी आणि माझी बायको सुधा रांगेत वेगवेगळे उभे राहायचो, अनोळखी असल्यासारखे, म्हणजे तीनच्या सहा बादल्या मिळत.

मग एकदा टँकर सलग दोन दिवस आला नाही. संध्याकाळी सर रिकामी बादली घेऊन दारात. “मारियाला ताप आहे. अर्धी मिळेल?” पिंप काठोकाठ होतं. मी म्हणालो, “नाही हो सर, आमच्याकडेही खडखडाट.” त्यांनी मान हलवली आणि जिना उतरून गेले. नंतर कळलं, ते चालत कुठल्याशा विहिरीवर गेले होते. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर, आपलंच बरोबर निघालं असंही वाटलं.

पुढे काही महिन्यांनी त्यांच्या दाराबाहेरची पालथी बादली दिसेनाशी झाली. मी सुधाला म्हणालो, “सरही शेवटी तीन भरायला लागले.” खाली सरांकडे जाणं मात्र मी बंद केलं. जिन्यात भेटले तर ते “काय सावंत, बरंय ना?” म्हणत, मी घड्याळ बघत उतरायचो. त्यानंतर सरांसारखं बोलणारं मला दुसरं कुणी भेटलं नाही.

फळा वाचला त्या संध्याकाळी खाली गेलो. मारियाबाईंनी आत घेतलं. हात धुवायला बाथरूममध्ये शिरलो, तर छतावर ओलीचा मोठा पिवळट डाग, माझ्या पिंपाच्या बरोबर खाली. डागातून थेंब पडत होता आणि त्याखाली ती तिसरी बादली, अर्ध्याहून अधिक भरलेली.

“हे... कधीपासून?”

“दोन वरसं झाली. मी बोलली, वर जाऊन सांग. त्याने न्हाय ऐकलं. बोलायचा, मारिये, वरून रोज पडतंय, गप घे.” मग पदर सावरत म्हणाल्या, “खूप हसायचा त्यावर.”

मी हात न धुताच वर आलो. त्या पिंपाचं सांगायलाच गेलो होतो खरा.

पिंपाच्या तळाला बारीक चीर आहे, ती आता मला माहीत आहे. पिंप बदला, म्हणून सुधा रोज मागे लागतेय. पण खाली मारियाबाई एकट्या आहेत, आणि बादली घेऊन त्यांच्या दारात उभं राहण्याचं धाडस अजून मला होत नाही. टँकर आला की मी पिंप काठोकाठ भरतो... आणि फरशीवर बसून राहतो, खाली बादलीत थेंब पडल्याचं ऐकू येईपर्यंत.