हाताच्या उंचीचा मळ

आमच्या मामांना गल्लीत सगळे फिनेलमामा म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, एवढाच काय तो मान. इस्पितळात साफसफाईचे मुकादम म्हणून नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर घराचाच वॉर्ड झाला. मामी सांगते, मुलगी बघायला आले तेव्हा यांनी आधी खिडकीच्या फटीतली धूळ बघितली, मग तिला. दिव्याच्या बटणांभोवती बोटांचे काळपट डाग दिसले की मामा फडकं घेऊन हजर.

त्यामुळे बाजाराखालचा युद्धातला निवारा वस्तीनेच दुरुस्त करायचं ठरलं, तेव्हा काम कोणाच्या गळ्यात पडणार, हे उघड होतं. विमानं आली की भोंगा वाजायचा आणि सगळी वस्ती त्या तळघरात उतरायची. पुढे तिथे गाळ आला, मग उंदीर, मग कॉलेज बुडवून पत्ते खेळणारे आम्ही. मामांनी तिघांनाही हुसकावलं. माणसांच्या पाळ्या लावल्या, गाळ उपसला, जिना सांधला, त्याला स्टीलचा कठडा बसवला, तोंड दिसेल असा.

जिन्याच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक काळा, तेलकट पट्टा होता. तो बघून मामांचे डोळे चमकले. भिंतीचा मळ हाताच्या उंचीला बसतो, हा त्यांचा इस्पितळातला पहिला धडा. नव्या माणसाला ते तिथूनच सुरुवात करायला लावत. सोड्याचं पाणी आणि काथ्याचा ब्रश घेऊन ते स्वतःच भिडले. भिंत अशी निघाली की न्हावी म्हणाला, आता आरशाचा खर्च वाचला.

उद्घाटनाआधी मामांनी मोठ्या मावशीला मुद्दाम बघायला आणलं. मावशीची नजर आता अधू झालीय. तिने कठड्याला हात लावला नाही, सवयीने भिंतीला लावला. एक पायरी उतरली आणि थांबली. तळवा वर-खाली फिरवत राहिली.

"इथलं चिकट कुठं गेलं?"

"धुतलं. केवढा मळ होता, आक्का!"

"मळ कसला? दिवा लावायची बंदी असायची. भिंतीला धरून आई पुढं, मी मागं, तू माझ्या काखेत. हाताला चिकट लागलं की कळायचं, बरोबर चाललोय." मग हळूच म्हणाली, "आईचाही हात होता रे त्यात."

मामा तान्हे असतानाच आजी गेली. त्यांच्याकडे तिचा फोटोसुद्धा नाही. हातातलं फडकं त्यांनी चोरीचा माल लपवावा तसं खिशात कोंबलं.

दुरुस्तीसाठी नेमलेल्या समितीच्या अध्यक्षांची डेअरी आहे, त्यामुळे कशात काय मिसळायचं याचं त्यांना ज्ञान. म्हणाले, त्यात काय, काजळी आणि तेल कालवू, मूळच्यापेक्षा झकास पट्टा काढू. मामांनी भाषणात फक्त 'सगळं जसंच्या तसं जपलंय' एवढंच म्हणायचं. मामा नाही म्हणाले नाहीत, आणि मला तेच टोचत होतं. उलट, दुसरे ओघळ पाडतील म्हणून पट्टा स्वतः काढायचं त्यांनी कबूल केलं. डबा घेऊन जिन्यात गेले, बराच वेळ बसले आणि तसेच वर आले. डब्याचं झाकणही उघडलेलं नव्हतं.

उद्घाटनाला मावशी पुढच्या रांगेत होती. मामा बोलायला उठले. हात कुठे ठेवावेत तेच त्यांना कळेना.

"जसंच्या तसं नाही," ते म्हणाले. "भिंतीवर आपल्या माणसांचे हात होते. मी मळ समजून धुतले."

मग पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनीच वाजवल्या. पाहुण्यांनी तर 'अशी स्वच्छतेची आवड घराघरात हवी' असंही सांगून टाकलं. मामांचं तोंड त्या वेळी बघवत नव्हतं. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मावशी खाली उतरली. या वेळी भिंतीकडे न वळता कठडा धरून.

"गार आहे," एवढंच म्हणाली.

मामा भिंतीच्या बाजूने तिच्या मागोमाग उतरले, हात पाठीशी घट्ट बांधून. जणू भिंतीला शिवायचा हक्कच आपण घालवलाय.

आता आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या बटणांभोवती चांगला तळव्याएवढा डाग पडलाय. मामी परवा पुसायला गेली तर मामा मधे येऊन उभे राहिले.

"राहू दे," म्हणाले. "तुझाच आहे."

मामीने माझ्याकडे बघितलं. मी कपाटावरचं वर्तमानपत्र उचललं आणि उलटं वाचू लागलो.